रोटरी इंजिन थंड ठेवायचं, तर खर्च किती?

माझदाच्या आरएक्स-७ किंवा आरएक्स-८ मोटारीतलं वापरलेलं १३बी रोटरी इंजिन अमेरिकेत साधारण हजार ते अडीच हजार डॉलरला मिळतं. तेवढ्याच ताकदीचं, विमानासाठीच घडवलेलं नवं लायकॉमिंग घ्यायला गेलात, तर ३५ हजार डॉलरच्या पुढचीच भाषा सुरू होते. हा फरक पाहून गॅरेजमध्ये विमान बांधणारा माणूस रोटरीकडे वळला, तर नवल नाही. मग गिअरबॉक्स येतो, इंधनाचं आणि ठिणगीचं इलेक्ट्रॉनिक्स येतं, प्रोपेलर येतो, आणि कूलिंगची पाळी येईपर्यंत पैसा आणि हुरूप दोन्ही संपत आलेले असतात. मिळेल तो रेडिएटर उरलेल्या जागेत कोंबला जातो. अडकलेले रोटरी प्रकल्प पुष्कळदा इथेच अडकतात.

म्हणून कूलिंगचे पैसे पहिल्याच दिवशी वेगळे काढा. आकडा घाबरवणारा नाही. भंगार बाजारात फिरायची आणि स्वतः हात काळे करायची तयारी असेल, तर १,१०० डॉलरच्या आसपास काम होतं. नवं, पण तयार मिळणारं सामान घेतलं तर २,००० डॉलर. रेडिएटर मापाने बनवून घेतला, हवा नेणारे कार्बन फायबरचे डक्ट केले, काउलला, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाला, उघडझाप करणारी झडप बसवली, तर ४,००० किंवा त्याहून थोडे अधिक. माझं ठाम मत आहे की इंजिन थंड राहतं की तापतं, हे या तीन आकड्यांमधल्या फरकावर ठरत नाही. ते हवेच्या वाटेवर ठरतं, आणि हवेच्या वाटेला पैशापेक्षा वेळ जास्त लागतो.

घरी बांधलेलं विमान म्हटलं की आपल्याकडे कांदिवलीच्या गच्चीवरचं अमोल यादव यांचं विमान आठवतं, आणि त्याबरोबर परवानगीसाठीची त्यांची दीर्घ खटपटही. अमेरिकेत ही वाट मळलेली आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी स्वतः केलेलं असेल, तर विमान ‘एक्सपेरिमेंटल’ वर्गात नोंदवता येतं. त्यात रेडिएटरला विमानाचं प्रमाणपत्र लागत नाही. मोटारीच्या दुकानातला, शर्यतीच्या गाडीचा किंवा भंगारातला, कुठलाही चालतो. मात्र तो कमी पडला, तर जाब विचारायला समोर कोणी नसतं.

उष्णता किती?

१३बीमध्ये ६५४ सीसीचे दोन कप्पे, मिळून १,३०८ सीसी. टेकऑफला त्यातून १६० अश्वशक्ती काढली, तर ताशी साधारण ३६ किलो पेट्रोल जळतं. त्या इंधनातली सव्वाशे किलोवॉटच्या आतलीच ताकद प्रोपेलरपर्यंत पोचते. बरीचशी उष्णता एक्झॉस्टमधून निघून जाते. पाणी आणि तेल यांना मिळून सुमारे १०० किलोवॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. घरातले दोन किलोवॉटचे पन्नास गिझर एकदम चालू केल्यासारखं हे आहे.

यातली साधारण दोन तृतीयांश उष्णता पाण्यात जाते आणि एक तृतीयांश तेलात. पिस्टन इंजिनातून आलेल्या माणसाला हे तेलाचं प्रमाण पटत नाही. पण रोटरीत पिस्टनऐवजी फिरणाऱ्या रोटरच्या पोटात तेलाचे फवारे सोडलेले असतात. रोटर थंड ठेवणं हे तेलाचंच काम, तिथे पाणी पोचतच नाही. म्हणून इथला ऑइल कूलर हा अर्धा रेडिएटरच समजावा, आणि खर्चही त्याच मानाने धरावा.

दुसरी गोष्ट चढणीची. रेडिएटरच्या कोअरमधून, म्हणजे त्याच्या जाळीदार गाभ्यातून, हवा ढकलणारा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ११० मैलांनी चढताना समुद्रसपाटीजवळ हा दाब पाण्याच्या १५ सेंटीमीटर उंचीइतका असतो. ताशी १७० मैलांनी सरळ उडताना तो ३६ सेंटीमीटर होतो. चढताना इंजिन सगळी ताकद लावत असतं, म्हणजे उष्णता सर्वात जास्त आणि हवेचा रेटा सर्वात कमी. सरळ उड्डाणात तापमानाचा काटा ८० अंशांवर बसलेला पाहून खूश होणाऱ्याला धावपट्टी सोडल्यावर तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला खरी परिस्थिती कळते.

शंभर किलोवॉट वाहून न्यायला हवा ४५ अंशांनी तापू दिली, तर दर सेकंदाला जवळजवळ २ घनमीटर हवा कोअरमधून गेली पाहिजे. एवढी हवा नुसतं भोक पाडून आत येत नाही, आणि आली तरी बाहेर जायची वाट नसेल तर थांबते.

पाण्याचा रेडिएटर: १६० पासून १,००० डॉलरपर्यंत

सर्वात स्वस्त वाट अमेरिकी हौशी मंडळींनी पुष्कळ वर्षांपूर्वी शोधली. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांच्या एअर कंडिशनरमधला बाष्पक, म्हणजे डॅशबोर्डच्या आतला थंड होणारा अॅल्युमिनियमचा ठोकळा, रेडिएटर म्हणून वापरायचा. तो साधारण ३ इंच जाड असतो आणि तोंडाने लहान, त्यामुळे काउलच्या गालफडांत एकेक मावतो. एसीच्या वायूचा दाब सोसायला बनवलेला असल्यामुळे कूलंटचा दाब त्याला सहज झेपतो. भंगारात एक ३० ते ५० डॉलरला, नवा घेतला तर शंभराच्या आसपास. दोन लागतात.

काम मात्र आहे. एसीच्या बारीक नळ्या कापून त्या जागी सव्वा इंची तोंडं टिग वेल्डिंगने जोडावी लागतात. चांगला वेल्डर दोन्ही कोअरचे मिळून १०० ते १५० डॉलर घेतो. पातळ पत्र्यावर जाड नळी जोडायची असल्यामुळे हात नवखा असेल तर पत्रा वितळतो. म्हणून इथे पैसे वाचवू नका. वेल्डिंगच्या आधी आतलं एसीचं तेल पूर्ण धुऊन काढा. वेल्डिंगनंतर तोंडं बंद करून आत हवा भरा आणि पाण्याच्या बादलीत बुडवून बुडबुडे पाहा. गाडीत वायू शिल्लक असेल तर स्वतः नळी कापू नका. तो हवेत सोडणं अमेरिकेत बेकायदा आहे. भंगारवाल्याने वायू आधीच काढून घेतला आहे ना, हे विचारा. दोन कोअर समांतर जोडावेत. एकामागे एक जोडले तर पंपाला कितीतरी जास्त अडथळा होतो आणि दुसऱ्या कोअरला आधीच थोडं निवलेलं पाणी मिळतं.

ज्याला कापाकापी नको, त्याने शर्यतीच्या गाडीसाठी बनलेला अॅल्युमिनियमचा जाड रेडिएटर घ्यावा. २५० ते ४०० डॉलर. इथे मोठं तोंड आणि पातळ अंग असा रेडिएटर मोहात पाडतो, कारण मोटारीत तोच चालतो. मोटारीला ताशी ३० मैलांवरही थंड राहायचं असतं. विमानाकडे हवेचा रेटा असतो, म्हणून तोंडाने लहान आणि अंगाने जाड कोअर जास्त चांगला. तेवढाच लहान डक्ट पुरतो आणि विमानाला होणारा अडथळाही कमी. मापाने बनवून घेतलेला रेडिएटर ६०० ते १,००० डॉलरला पडतो. काउलमध्ये खरोखरच दुसरं काही बसत नसेल, तरच मी तो सुचवीन.

तेलात हात आखडता घेऊ नका

दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७चा लांब ऑइल कूलर वापरलेला शंभर-दीडशे डॉलरला मिळतो आणि तो दणकट आहे. आरएक्स-८च्या हातगिअरच्या गाडीत दोन लहान ऑइल कूलर असतात. सुरुवातीच्या ऑटोमॅटिक गाडीत एकच. भंगारातल्या गाडीचा गिअर पाहूनच हात घाला. नवा, थराथरांचा, शर्यतीच्या दर्जाचा कूलर २०० ते ३५० डॉलर. तेलाची मर्यादा बहुतेक बांधणारे ९९ अंश सेल्सिअस, म्हणजे २१० फॅरनहाइट मानतात. ती मी कधीकधी ओलांडली तरी चालेल अशा नव्हे, तर कधीच ओलांडायची नाही अशा अर्थाने घेतो.

ऑइल कूलरला स्वतःचा डक्ट हवा. रेडिएटरच्या मागे तो ठेवला, तर त्याला आधीच तापलेली हवा मिळते, आणि मग त्याच्यावर कितीही पैसे घाला, उपयोग होत नाही.

नळ्या, जोड आणि दोन डॉलरचं बूच

बजेट बिघडतं ते इथे. तेलाला दहा नंबरची, म्हणजे ५/८ इंची, स्टीलच्या जाळीची नळी लागते. फुटाला १० ते २० डॉलर, आणि टोकाचा प्रत्येक जोड १५ ते ४० डॉलर. सात-आठ जोड सहज लागतात. शिवाय एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या नळीला अग्निरोधक आवरण घालायलाच हवं, आणि तेही फुटावर विकलं जातं. रोटरीचा एक्झॉस्ट पिस्टन इंजिनापेक्षा बराच तापतो. त्याच्या आणि रेडिएटरच्या मध्ये स्टेनलेस पत्र्याची ढाल घाला. एकूण या सदरात कमीत कमी ३५० डॉलर धरा, ६०० झाले तर दचकू नका.

पाण्याची नळी साधी रबरी चालते. ती ज्या अॅल्युमिनियमच्या नळीवर चढते, तिच्या टोकाला उभार, म्हणजे कडेभोवतीचा गोल फुगवटा, असलाच पाहिजे. तो नसेल तर क्लॅम्प कितीही आवळा, दाबाखाली रबर घसरतं.

थर्मोस्टॅटबद्दल. पुष्कळ जण विमानात तो काढून टाकतात. काढला, तर १३बीच्या पंपाच्या घरातलं बायपासचं भोक बुजवलंच पाहिजे. नाहीतर गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरकडे न जाता तिथल्या तिथे फिरत राहतो. बूच दोन डॉलरचं असतं. ते नसल्यामुळे चारशे डॉलरचा नवा रेडिएटर घेऊनही इंजिन तापत राहतं.

सर्वात उंच जागी एक लहान टाकी बसवा, ६० ते १२० डॉलर. पाण्यातली हवा तिथे वर येऊन थांबते. टाकीची नळी पंपाच्या खेचणाऱ्या बाजूला जोडा आणि दाबाचं झाकणही याच टाकीवर ठेवा. पाणी आणि ग्लायकॉल निम्मे-निम्मे घेतले, तर ते समुद्रसपाटीला १०७ अंशांच्या आसपास उकळतं. १६ पौंडांचं झाकण लावल्यावर हा बिंदू १३० च्या जवळ जातो. झाकण १५ डॉलरचं, पण जुनं वापरू नका.

खरा खर्च: डक्ट

सामान म्हणून पाहिलं तर फोम, काचेचं कापड आणि इपॉक्सी मिळून १५० ते २५० डॉलर. वेळ म्हणून पाहिलं, तर कित्येक शनिवार-रविवार. आणि सगळ्या पैशांचं चीज होतं ते इथेच.

तत्त्व जुनं आहे. इंग्लंडमधल्या मेरेडिथने १९३० च्या दशकाच्या मध्यावर दाखवलं, की रेडिएटर नीट घडवलेल्या डक्टमध्ये बसवला, तर त्याचा अडथळा पुष्कळ कमी होतो आणि तापलेल्या हवेतून थोडा पुढचा रेटाही परत मिळतो. पी-५१ मस्टँगच्या पोटाखालची ती प्रसिद्ध खोळ याच विचाराची. आपल्याला मस्टँग बांधायचं नाही, पण नियम तोच. हवा लहान तोंडातून आत घ्यायची, हळूहळू पसरवून मंद करायची म्हणजे तिच्या वेगाचा दाब होतो, मंद हवा कोअरमधून जाऊ द्यायची, आणि मग निमुळत्या वाटेने वेग देऊन बाहेर काढायची. पसरण्याचा कोन प्रत्येक बाजूला सात अंशांच्या आत राहिला पाहिजे. त्याहून जास्त झाला, तर हवा भिंत सोडते, घोळ घालते, आणि कोअरचा एक कोपरा उपाशी राहतो. काउलमध्ये एवढी लांबी मिळत नाही, तेव्हा कोअर तिरका ठेवून पाचरीच्या आकाराचा डक्ट करतात, किंवा आत एक-दोन पडदे घालून हवा वाटून देतात.

डक्टचा साचा फोममध्ये कापताना पुठ्ठ्याचा नमुना आधी करा. काउल बंद केल्यावर गिअरबॉक्सला, स्टार्टरला, एक्झॉस्टला तो कुठे लागतो ते पुठ्ठ्यावरच कळू दे. पुठ्ठा फुकट असतो.

डक्ट आणि कोअरच्या मधल्या फटी बुजवणं हे या सगळ्यातलं सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त दुर्लक्षित काम. हवा आळशी असते. बोटभर फट मिळाली, तर ती कोअरच्या दाट पट्ट्यांमधून जाण्याऐवजी फटीतून निसटते. तपासायची रीत सोपी आहे. रात्री हँगरचे दिवे बंद करा, काउल लावा, कोअरच्या मागे एक बॅटरी ठेवा आणि पुढून, हवा आत शिरते त्या तोंडातून डोळा लावून पाहा. कोअरच्या पट्ट्यांमधून येणारा उजेड बारीक, जाळीदार दिसतो. कडेने आलेली सरळ, धारदार रेघ दिसली, की तिथून हवा पळते आहे. त्या जागी खूण करा आणि सकाळी सिलिकॉन रबराची पट्टी किंवा उष्णता सोसणारं सिलिकॉन सीलंट लावा. पंधरा डॉलरची ट्यूब. इतक्या पैशांत इतका फरक पाडणारी दुसरी वस्तू या विमानात नाही.

बाहेर जायची वाट आत यायच्या वाटेपेक्षा मोठी ठेवा, कारण हवा तापून फुगलेली असते. चढताना कमी पडते असं वाटलं, तर काउलखाली उघडझाप करणारी झडप बसवतात. मोटरसह १०० ते ३०० डॉलर. पण आधी मोजा.

दहा डॉलरचं यंत्र

मोजण्यासाठी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, थोडं रंगीत पाणी आणि एक पट्टी. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बांधली, की दाबमापक तयार. एक बारीक नळी कोअरच्या पुढे, एक कोअरच्या मागे, आणि संदर्भासाठी एक बाहेरच्या स्थिर दाबाकडे. शेजारी दुसरा माणूस बसवा. उडवणाऱ्याने हे वाचायचं नाही.

ताशी ११० मैलांच्या चढणीत एकूण १५ सेंटीमीटर दाब उपलब्ध आहे, हे आपण पाहिलं. कोअरच्या पुढे ११-१२ सेंटीमीटर मिळत असेल, तर तोंड आणि डक्ट चांगले आहेत. पाच-सहाच मिळत असेल, तर दोष पुढच्या वाटेत आहे. पुढे चांगला आणि मागेही जवळपास तेवढाच दाब असेल, तर हवा बाहेर पडत नाहीये. झडप उघडा, बाहेरची वाट वाढवा. पुढेमागे फरक भरपूर आहे आणि तरीही पाणी तापतं आहे, तेव्हाच, आणि फक्त तेव्हाच, मोठ्या रेडिएटरचा विचार करा. हा क्रम उलटा लावल्यामुळे गॅरेजच्या फळीवर तीन-तीन रेडिएटर जमा होतात.

तापमान वाचताना बाहेरची हवाही टिपून ठेवा. बाहेर एक अंश वाढला, की पाणी आणि तेलही जवळपास एक अंश वाढतात. एप्रिलमधल्या १५ अंशांच्या सकाळी चढताना तेल ८५ वर थांबलं, तर जुलैच्या ३८ अंशांच्या दुपारी तेच १०८ वर जाणार. म्हणजे ते विमान अजून तयार नाही.

प्रमाणित इंजिन आणि प्रोपेलरची जोडी नसेल, तर चाचणी उड्डाणं साधारणपणे २५ ऐवजी ४० तासांची ठरवून दिली जातात. मोटारीचं इंजिन म्हणजे ४० तास. त्यातले पुष्कळ तास कूलिंगच खाणार. ताशी नऊ गॅलन आणि गॅलनला चार डॉलर धरले, तर हे इंधनच १,४४० डॉलरचं. कूलिंगच्या हिशेबात ते कोणी धरत नाही. धरा.

काय घेऊ नये

विजेचा पाण्याचा पंप, कंट्रोलरसह ४०० डॉलरच्या आसपास. त्यावर मिनिटाला ११५ लिटर लिहिलेलं असतं, पण तो आकडा मोकळ्या प्रवाहाचा. आपल्याला कोअर आणि वळणांमधून मिनिटाला १२० च्या आसपास हवं आहे. शिवाय वीज गेली, की पाणीही थांबलं. माझदाचा पट्ट्यावरचा पंप चांगला आहे, तोच ठेवा.

बिनपाण्याचं कूलंट गॅलनला ५० डॉलर किंवा वर. ते सहजासहजी उकळत नाही, हे खरं. पण उष्णता वाहून नेण्यात पाण्यापेक्षा ते कमी पडतं, आणि इंजिनाचं धातूचं अंग अधिक तापतं. १३बीत अॅल्युमिनियमची रोटर हाउसिंगं बिडाच्या तबकड्यांमध्ये आवळलेली असतात आणि मधल्या रबरी कड्यांवर पाणी अडतं. एकदा जोरात तापलं, की ती कडी जातात. मग इंजिन उघडा, पूर्ण सील संच हजार ते दीड हजार डॉलर, आणि हाउसिंग वाकलं असेल तर एका नव्या हाउसिंगचेच हजाराच्या वर. पाणी गेल्यावरही रोटरी लगेच अडकत नाही, धावपट्टीपर्यंत आणते, असा तिचा लौकिक आहे. जीव वाचवायला तो मोलाचा आहे. पण तेल गेलं, तर तीही फार वेळ देत नाही, म्हणून तेलाच्या दाबासाठी डोळ्यांसमोर लाल दिवा हवा. वीस डॉलर.

अमेरिकेतल्या हौशी विमान बांधणाऱ्यांच्या ईएए या संघटनेच्या सभासदाला तांत्रिक सल्लागार फुकट मिळतो. स्वयंसेवक असतो, घरी येऊन पाहतो. काउल कायमचं बंद करण्याआधी त्याला एकदा बोलवा, आणि शक्य असेल तर रोटरी उडवलेला माणूस शोधून बोलवा.

जुनं सामान घ्यायला ऑशकॉशला जुलैअखेर भरणाऱ्या ईएएच्या मेळाव्यातला सुट्या भागांचा बाजार चांगला. तिथे रेडिएटर वापरलेला घ्यायला हरकत नाही. तो दाबाने तपासता येतो. ऑइल कूलर घेताना मात्र तो कुठल्या इंजिनावरून उतरवला, हे विचारा. आतून फुटलेल्या इंजिनाचा असेल, तर फुकट मिळाला तरी नको. त्याच्या आतल्या चपट्या नळ्यांत धातूचा चुरा अडकलेला असतो, कितीही धुतला तरी सगळा निघत नाही, आणि पहिल्या गरम तेलाबरोबर तो सुटून तुमच्या बेअरिंगमध्ये जातो.